कासरा ओढा: पांढरकवड्याकडच्या एका घरातला मेंदू-संगणक जोडणीचा लांबलेला सराव

रुग्ण पुरुष, वय चाळिशीच्या थोडं पुढे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला घर. कपाशी आणि तूर, विहिरीच्या भरवशावर थोडं ओलीत. रक्तदाबाची गोळी लागलेली होती, पण बरं वाटायला लागल्यावर सोडून दिली. दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. एका सकाळी शेतातच चक्कर आली, मग उलटी, मग जीभ जड. तालुक्याहून नागपूरचे दीडशेएक किलोमीटर कापेपर्यंत चारही हातपाय गेले होते. मेंदूच्या बुडाशी रक्त पुरवणाऱ्या बॅसिलर धमनीत गुठळी अडकली आणि मेंदूस्तंभातल्या पॉन्सचा पुढचा भाग निकामी झाला. हातापायांकडे आणि चेहऱ्याकडे जाणारे हुकूम त्याच वाटेने जातात. वरचा मेंदू शाबूत राहिला. ऐकू येतं, कळतं, आठवतं, दुखतंही. हलतात ते फक्त डोळे, तेही वर-खाली, आणि पापण्या. या अवस्थेला लॉक्ड-इन सिंड्रोम म्हणतात. हे नाव 1966 मध्ये प्लम आणि पोस्नर या न्यूरॉलॉजिस्टांनी दिलं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एका संशोधन प्रकल्पातून या घरी मेंदू-संगणक जोडणीचा, म्हणजे बीसीआयचा, सराव सुरू झाला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि शेतीचे काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे भाऊ म्हणते, घरीही तेच म्हणते.

जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीची मेंदूत बसवायची चिप पहिल्यांदा माणसाच्या डोक्यात बसली, तेव्हा भाऊंच्या पुतण्याने मोबाइल पुढे धरून विचारलं, "मॅडम, काकाले हे बसवता येते का?" आमची पद्धत शस्त्रक्रियेविनाची आहे. डोक्यावर टोपी, टोपीत इलेक्ट्रोड, कवटीच्या बाहेरून मेंदूचे विद्युत तरंग टिपायचे. हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून हे तरंग 1924 मध्ये पहिल्यांदा नोंदवले, त्याला शंभर वर्षं झाली. म्हणजे तरंग टिपणं हा भाग जुना आहे. बातमीत येत नाही ते पुढचं: टोपी रोज कोण घालणार, मशीन रोज बदलत राहिली तर माणूस शिकणार कसा, आणि कपाशी फुटली की सगळं घर वावरात गेल्यावर सरावाचं काय होणार. या प्रकरणात सगळं याच तीन प्रश्नांवर घडलं-बिघडलं.

हो आणि नाही

भाऊ शुद्धीवर आहेत हे पहिल्यांदा ओळखलं त्यांच्या अकरावीतल्या मुलीने. अतिदक्षता विभागात ती म्हणाली, "बाबा, आजी आली, वर पाहा," आणि त्यांनी वर पाहिलं. हे काही या एकाच घरात घडलेलं नाही. लॉक्ड-इन रुग्णांच्या कुटुंबांच्या एका जुन्या पाहणीत, रुग्ण जागा आहे हे निम्म्याहून जास्त वेळा आधी घरच्यांच्याच लक्षात आलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा झटक्याला सव्वा वर्ष झालं होतं. गळ्यात श्वासाची नळी, पोटात अन्नाची नळी. पाठीला एकही जखम नाही, आणि त्याचं श्रेय सर्वस्वी वहिनींना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून ठेवलेली. ती ओळीवर बोट ठेवायची, भाऊ वर पाहायचे. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.

आम्ही आधी तो पुठ्ठाच पक्का केला. टोपीची घाई करणारे पुष्कळ असतात, पण ज्या घरात हो-नाहीची खात्री नाही तिथे बीसीआयचं उत्तर बरोबर की चूक हे पडताळणार कशावर? शिवाय या क्षेत्रात हात पोळलेले आहेत. डोळेही न हलवता येणाऱ्या रुग्णांकडून रक्तप्रवाहाच्या मापनाने हो-नाही मिळवल्याचा 2017 चा एक गाजलेला शोधनिबंध 2019 मध्ये मागे घेतला गेला. म्हणून आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न उलटूनही विचारला जातो. "टोपी घालायची का?" याला हो, आणि थोड्या वेळाने "टोपी नको का?" याला नाही आलं, तरच ते उत्तर. भाऊंची संमती अशी दोन वेगळ्या दिवशी, साक्षीदारासमोर घेतली. वहिनींनी सही केली तीही, पण ती दुय्यम.

गावाची समजूत काढायला यापेक्षा जास्त वेळ गेला. "डोक्याले करंट देते म्हणे" ही वार्ता आमच्या गाडीच्या आधी पोचली होती. मग मुलीने टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, पडद्यावर आपले तरंग दाखवले, आणि आजूबाजूच्या पोरांची रांग लागली. टोपी फक्त ऐकते, काही देत नाही, हे त्या रांगेने पटलं. "असं जगून तरी काय" म्हणणारेही भेटले, भाऊंच्या खाटेजवळ बसून, त्यांना ऐकू जातंय याची फिकीर न करता. लॉक्ड-इन लोकांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या 65 जणांपैकी 47 जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा मी तिथे सांगितला. फार फरक पडला असं नाही, पण तो विषय निदान ओसरीवर गेला.

कोणती पद्धत, आणि का

डोळे हलतात तर मेंदूत कशाला डोकवायचं, हा प्रश्न रास्त आहे आणि आम्हीही तो आधी विचारला. नजर टिपणारा कॅमेरा लावून पाहिला. भाऊंची नजर आडवी सरकत नाही, बुबुळं थरथरतात आणि चेहऱ्याच्या लकव्यामुळे पापण्या पूर्ण मिटत नसल्याने डोळे कोरडे पडून लाल होतात. सकाळी कॅमेरा बरा चालायचा, संध्याकाळी पापण्या ओघळल्या की बंद. पुठ्ठ्यासाठी तर समोर माणूस लागतोच. भाऊंचं मागणं साधं होतं, पुठ्ठ्यावरून त्यांनी ते अक्षर-अक्षर सांगितलं: कोणी जवळ नसताना हाक मारता आली पाहिजे.

बीसीआयमध्ये सगळ्यात रुळलेली पद्धत पी-300. फारवेल आणि डॉन्चिन यांनी 1988 मध्ये मांडली. सहा बाय सहाच्या चौकोनात 36 खुणा, ओळी आणि रकाने आळीपाळीने चमकतात. हवं ते अक्षर चमकलं की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लाट उठते. हिला सराव कमी लागतो. पण ज्या खुणेकडे नजर जात नाही तिच्यावर नुसतं लक्ष ठेवून ही पद्धत फार मंदावते, आणि भाऊंची नजर आडवी जातच नाही. ती बाद केली.

उरली ती हालचालीच्या प्रयत्नाची पद्धत. आपण हात हलवतो, किंवा हलवू पाहतो, तेव्हा मेंदूच्या त्या हाताच्या पट्ट्यावरचा सेकंदाला 8 ते 13 वेळा डोलणारा तरंग दबतो. उजव्या हातासाठी डोक्याच्या डाव्या बाजूला, पायांसाठी मध्यावर. संगणकाने हे दबणं ओळखायचं आणि त्याचं बटण करायचं. इथे सराव लांबलचक लागतो, कारण हाताने बटण दाबायला आपण जन्मभर शिकलेलो असतो, तरंगाने दाबायला कोणीच नाही. 1999 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या बीरबाउमर या संशोधकाने एएलएसच्या, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराच्या, दोन रुग्णांकडून मेंदूच्या संथ लहरींवर अक्षरं लिहून घेतली, तेव्हाही मागे महिनोन्‌महिने सराव होता. आणि काहींना ते साधतच नाही. सामान्यतः 15 ते 30 टक्के लोकांना बीसीआयवर पुरेसा ताबा मिळत नाही असं या क्षेत्रात धरून चालतात. हे वहिनींना पहिल्याच बैठकीत सांगितलं.

सुरुवातीची सूचना पुस्तकी होती: "उजवी मूठ वळताय अशी कल्पना करा." काही आठवडे काहीच हाती लागलं नाही. मग मुलीने पुठ्ठ्यावर विचारलं, बाबा नेमकं काय करता? उत्तर आलं: हात बघतो. म्हणजे ते मनात हाताचं चित्र पाहत होते. चित्र पाहण्याने हालचालीचा पट्टा फारसा जागा होत नाही, ती हालचाल आतून करू पाहावी लागते. तेव्हा कल्पना हा शब्दच काढून टाकला. भाऊंना विचारलं, उजव्या हाताने जन्मभर काय केलं? कासरा ओढला. मग "बैल बिथरला, कासरा ओढा" ही आमची आज्ञा ठरली. पायांसाठी गाडीची किक. पहिल्यांदा "कासरा" म्हटल्यावर भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लवकर थांबेना, त्या दिवशी तिथेच थांबलो. पुढच्या वेळी सुरुवात त्यांनीच मागितली.

घर

बीसीआयची प्रयोगशाळा म्हणजे थंड, शांत, बंद खोली. इथे एका बाजूला कुलर, दुसऱ्या बाजूला कपाशीची गंजी. लहान तपशील सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ यांनीच खाल्ला.

डोक्याला तेल. वहिनी रोज खोबरेल लावून केस विंचरून द्यायच्या, पाहुणे येणार म्हणून जरा जास्तच. तेलाच्या थरावर इलेक्ट्रोड धड टेकत नाही, रोध वाढतो आणि तरंगांऐवजी नुसती खरखर येते. केस बारीक केले, टोपीच्या दिवशी सकाळी शाम्पू, तेल रात्री. वहिनींना हे मनातून आवडलं नाही. बिनतेलाचं डोकं म्हणजे घरात कोणी बघणारं नाही, असा त्याचा अर्थ.

मग उन्हाळा. पारा पंचेचाळिशीला टेकला की टोपीखाली घाम धरतो, जेल पातळ होतं, आणि घामाने पडद्यावरची रेघ बैलगाडीच्या चाकोरीसारखी वर-खाली वाहत जाते. कुलर लावावा तर मोटरीची 50 हर्ट्झची गुणगुण. ती फिल्टरने निघते, पण कुलरच्या थरथरीने वायर हलतात, ते निघत नाही. उपाय साधाच निघाला. सराव सकाळी सहाला, लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर दोन्ही बॅटरीवर, चार्जर भिंतीतून काढलेले, कुलर खोलीच्या दारात आणि तारा उशीला चिकटपट्टीने बांधलेल्या. लाईन गेली तरी सराव अडत नाही हा वरचा फायदा. एका पावसाळ्यात डीपी जळली आणि गाव कित्येक दिवस अंधारात होतं. तेव्हा अॅम्प्लिफायर पुतण्याने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केला. प्रकल्पाच्या इंजिनिअरला हे नंतर कळलं, बरंच झालं.

पण सगळ्यात मोठा खंड वेचणीचा. दिवाळीपासून कपाशी फुटते. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की घर रिकामं, वहिनी वावरात, मुलगी कॉलेजातून थेट वावरात. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी सराव जवळपास बंद पडला आणि त्याचा आलेख कोसळला. बाहेरच्या तज्ज्ञाने तो पाहिला असता तर रुग्णाची प्रेरणा कमी झाली असं लिहिलं असतं. दुसऱ्या वर्षी आम्ही वेळापत्रकच शेतीच्या हिशेबाने मांडलं. जून-जुलैत पेरणी आणि वेचणीचे तीन महिने, तेव्हा नवीन काही शिकवायचं नाही, जमेल तेवढं जुनं घोटायचं. फेब्रुवारी ते मे, पहाटे, भरपूर.

मशीन एका जागी राहू दे

आता या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. संगणकातला जो भाग तरंग पाहून "कासरा की किक" ठरवतो त्याला डिकोडर म्हणतात. प्रकल्पाची पद्धत अशी की प्रत्येक वेळी सुरुवातीला काही नमुने घ्यायचे आणि त्यावर डिकोडर नव्याने घडवायचा. इलेक्ट्रोड रोज जरा इकडेतिकडे बसतात, तरंग रोज थोडे बदलतात, म्हणून हे तर्काला धरून. पण भाऊंच्या बाजूने पाहा. काल ज्या प्रयत्नाला पडद्यावरची पट्टी उजवीकडे धावली, त्याच प्रयत्नाला आज ती रेंगाळते. ते काय शिकणार? पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, "रोज नवा बैल."

त्याच सुमारास आम्ही स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संघाचं काम वाचत होतो. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये झ्युरिचजवळ सायबॅथलॉन नावाची स्पर्धा झाली, त्यात बीसीआयने चालवायची शर्यत होती. हातपाय लुळे असलेल्या दोन चालकांना या संघाने काही महिने तयार केलं आणि 2018 मध्ये त्याचा सविस्तर अहवाल छापला. त्यांचं म्हणणं असं की यश फक्त संगणकाच्या शिकण्याने येत नाही, माणसालाही शिकायला सवड हवी, म्हणून त्यांनी डिकोडर क्वचितच बदलला. चालकांचे तरंगच महिन्यागणिक जास्त ठळक होत गेले.

आम्ही डिकोडर गोठवला. टोपी एकाच जागी बसावी म्हणून मुलीने भुवईच्या वर दोन बोटं आणि कानाच्या पाळीपासूनची रेघ अशी खूण धरली. पहिले काही आठवडे आकडे आधीपेक्षा वाईट आले आणि इंजिनिअरचा हात शिवशिवत होता. पण नंतर ते हळूहळू चढले आणि मुख्य म्हणजे टिकले.

आकड्यांबद्दल एक इशारा. दोन पर्यायांत नुसत्या नशिबाने निम्मे बरोबर येतात हे सगळ्यांना कळतं. पण 40 प्रयत्नांत 25 बरोबर आले तर ते 62 टक्के दिसतात, पेढे वाटावेसे वाटतात, आणि तेही नुसत्या नशिबाने येऊ शकतं. संवादासाठी सहसा 70 टक्क्यांची पायरी धरतात. आम्ही ती ओलांडली असं तेव्हाच मानलं जेव्हा लागोपाठ कित्येक सकाळी ती ओलांडली गेली.

मधे एका आठवड्यात आकडे एकदम झळकले होते. इंजिनिअरने कच्चे तरंग उघडून पाहिले तर मोठ्या लाटा कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर. भाऊ कासरा ओढताना नकळत डोळे वर नेत होते आणि संगणक मेंदू सोडून डोळ्यांच्या हालचालीलाच शिकला होता. इंजिनिअर हिरमुसला. मला मात्र त्यात काही गैर वाटत नव्हतं, बटण दाबलं गेल्याशी कारण. पण संध्याकाळी डोळे थकल्यावर तेच बटण मेलं असतं, तेव्हा त्याचं बरोबर होतं. कपाळाकडचे इलेक्ट्रोड हिशेबातून काढले.

घंटा आणि फळा

पहिलं काम घंटेचं. कासरा तीन सेकंद धरून ठेवला की लॅपटॉप वाजतो. चालली, फारच चालली. भाऊ नुसते पडून असतानाही वाजायची, कारण माणूस काहीच करत नसतानाही तरंग स्वस्थ नसतात. वहिनी पोळ्या टाकून धावत यायच्या, पुठ्ठा धरायच्या, भाऊ खाली पाहायचे: काही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या धावेनाशा झाल्या. लांडगा आला रे आला. बीसीआयच्या अहवालांत बरोबर निवडीची टक्केवारी ठळक छापतात, काही नको असताना मशीन किती गप्प राहते ते तितकं ठळक नसतं. घरात मात्र तेच आधी लागतं. मग दोन टप्पे केले: आधी किक, मग चार सेकंदांच्या आत कासरा, तरच घंटा. हाक मारायला वेळ जास्त लागू लागला, खोट्या हाका जवळपास थांबल्या.

मग फळा. इंग्रजीच्या 36 घरांत मराठी मावत नाही, पण आपली वर्णमाला मुळातच चौकटीत बसवलेली आहे. पडद्यावर उभी यादी केली, कारण नजर उभीच फिरते: शब्द, स्वर आणि मात्रा, कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य ते ळ. संगणक एकेक ओळ उजळतो आणि तिचं नावही बोलतो, म्हणजे डोळे मिटले तरी चालावं. हवी ती ओळ आली की कासरा, मग ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा कासरा. ङ आणि ञ काढून टाकले. सगळ्यात वर "शब्द" ठेवले, त्यात पाणी, कूस, कफ, दुखतं, कुलर, खोडा. खोडा म्हणजे आधीचं चुकलं. ही यादी भाऊंनी पुठ्ठ्यावरून ठरवली. मी सुचवलेलं "धन्यवाद" त्यांनी काढायला लावलं.

वेगाची अपेक्षा ठेवू नये. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये एएलएस झालेल्या एका महिलेच्या मेंदूवर 2015 मध्ये पूर्णपणे त्वचेखालची जोडणी बसवली होती, अनेक महिन्यांच्या सरावानंतर तिथे मिनिटाला सुमारे दोन अक्षरं जमली आणि तेवढ्यावर ती जगभर नावाजली गेली. आमच्याकडे बाहेरून टिपलेले तरंग. मिनिटाला एक अक्षर जमलं तर चांगली सकाळ.

दुसऱ्या वर्षीच्या वेचणीनंतर व्यापारी खेडा खरेदीला दारात आला. काटा लावून उभा. भाऊंचे थोरले बंधू देऊन टाकू म्हणत होते, घरात पैशाची निकड होती. मुलीने टोपी चढवली. व्यापारी ओसरीवर चहा पीत बसला आणि आत संगणकाचा आवाज सुरू: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग. थ. मग काना, मग अनुस्वार. दोनदा खोडा आला. पुतणा म्हणाला, "थांबा म्हणते काका, कळलं ना, बस झालं." भाऊंनी डोळे खाली नेले: नाही, पुरं करू द्या. शेवटचा काना पडेपर्यंत व्यापाऱ्याचा दुसरा चहा झाला होता. कपाशी घरातच राहिली. पुढे भाव वाढला नाही, उतरला. थोरले बंधू ते अजून बोलून दाखवतात आणि वहिनींचं उत्तर ठरलेलं आहे: "मंग काय झालं, आधी बी तेच ठरवत होते अन् आधी बी चुकत होते."

अंगठा

सराव सुरू होऊन वर्ष उलटल्यावर फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं की "कासरा ओढा" म्हटल्यावर भाऊंचा उजवा अंगठा किंचित आत वळतो. गव्हाच्या दाण्याएवढी हालचाल. रोजच्या सरावाने ती आली का? खात्रीने म्हणता येत नाही. लॉक्ड-इनमध्ये हातापायांच्या टोकाला उशिरा थोडी हालचाल परतते, हे टोपीशिवायही घडतं. ब्राझीलमधल्या एका प्रकल्पात पाठीचा कणा दुखावलेल्या आठ जणांनी बारा महिने बीसीआयसह चालण्याचा सराव केला, त्यांच्यात संवेदना आणि स्नायूंची हालचाल काही अंशी परतल्याचं 2016 मध्ये छापून आलं आहे. पण तो आजार वेगळा, सरावही वेगळा, आणि आमच्यापुढे माणूस एकच. प्रकल्पाच्या अहवालात यशाच्या रकान्यात हे घालावं असं काहींचं मत होतं. मी विरोध केला.

अंगठ्याचा उपयोग मात्र लगेच केला. अंगठ्याखाली हलक्या स्पर्शाने चालणारा स्विच, त्याला दारावरची बिनतारी बेल. रात्रभर टोपी घालून झोपणं कोणालाच शक्य नव्हतं, जेल सुकतं, डोकं खाजतं आणि खाजवता येत नाही. रात्रीची हाक, जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं, ती शेवटी त्या स्विचवर भागली. मग टोपी कशाला, असं आम्ही भाऊंना सरळ विचारलं. नेहमीप्रमाणे उलटूनही. अंगठा तासाभरात थकतो, लिहायला टोपीच हवी, हे त्यांचं उत्तर.

पुढचं

घरगुती बीसीआयचा सगळ्यात प्रामाणिक हिशेब मला वोल्पॉ या अमेरिकी बीसीआय संशोधकाच्या संघाने 2018 मध्ये छापलेला वाटतो. एएलएसचे 42 रुग्ण नोंदले, 27 जणांच्या घरी यंत्र बसलं, सराव पुरा करून स्वतंत्रपणे वापरणारे 14. गळालेल्यांत मृत्यू आणि बळावलेला आजार हे मोठं कारण, यंत्र बिघडणं फार क्वचित. भाऊंचा आजार वाढणारा नाही, हा मोठा फरक. उट्रेख्टच्या महिलेने ती जोडणी घरी सात वर्षांहून जास्त वापरली आणि आजाराने मेंदूच झिजल्यावर संकेत विरत गेले. भाऊंना तसा धोका नाही. त्यांचा धोका माणसं पांगण्याचा आहे.

प्रकल्पाची मुदत यंदा संपते. अॅम्प्लिफायर, टोपी आणि लॅपटॉप भाऊंच्याच घरी राहतील असं सुरुवातीच्या कागदात लिहून घेतलं होतं. ते लिहिलं नसतं तर आज नुसती चर्चा चालू असती. अशा कोणत्याही प्रकल्पात शिरणाऱ्या कुटुंबाने हे एक कलम आधी वाचावं, तंत्रज्ञान मागाहून. जेल आणि इलेक्ट्रोड मात्र संपणारी वस्तू आहे, आणि दिव्यांगांच्या साहित्याच्या सरकारी यादीत व्हीलचेअर जितक्या सहज बसते तितकं हे बसत नाही. वर्षाचं जेल सध्या घेऊन ठेवलं आहे.

मुलगी जूनमध्ये शिकायला अमरावतीला जाईल. टोपी बसवणं, रोध तपासणं, डिकोडरला हात न लावणं, हे सगळं ती पुतण्याला शिकवते आहे. वहिनी म्हणाल्या, "पोरगी गेल्यावर मले बी येऊ द्या थोडं," आणि आता आठवड्यातून एक सकाळ त्यांची. त्यांच्या हातून जेल जास्त पडतं, पण इलेक्ट्रोडखालचा केस त्या पुतण्यापेक्षा नीट बाजूला करतात. पुतण्या कानाची क्लिप अजून सैल लावतो. ती निसटली की खरखर सुरू होते, आणि दोन सकाळी भाऊंनी फळ्यावर पहिला शब्द लिहिला तो "कान".